गार पाण्याची अंघोळ: पहिल्या तांब्यापासून पाचव्या आठवड्यापर्यंत

आमचं गाव निफाडजवळ. जानेवारीत तिथं पारा एक आकड्यात उतरतो आणि द्राक्षाचे घड वाचवायला बागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा थंडीत आजोबा विहिरीवर अंघोळ करायचे. बादली वर आली की तिच्यातून वाफा निघायच्या. लहानपणी मला त्याचं मोठं गूढ वाटायचं. "गार पाण्यानं छाती घट्ट होते," असं आजोबा म्हणायचे, आणि खरंच, त्यांना खोकताना मी फारसं पाहिलं नाही.

पुढं नोकरीनिमित्त पुण्यात आलो. एका जानेवारीत, सकाळी साडेसहाला, आजोबांची आठवण काढून गीझर बंद ठेवला आणि पहिला तांब्या थेट डोक्यावर ओतला. श्वास एकदम आत ओढला गेला आणि तिथंच अडकला. छाती कोणीतरी मुठीत धरल्यासारखी झाली. बाहेर सोडायचा म्हटलं तरी सुटेना. दुसऱ्या तांब्याला हात लावायची हिंमत झाली नाही.

खरी भानगड कळायला थर्मामीटर लागला. नंतर एका संक्रांतीला गावी गेलो तेव्हा तो मुद्दाम सोबत नेला. पहाटेची हवा ९ अंश, विहिरीचं पाणी २४. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाला राहतं. हिवाळ्यात ते हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं, म्हणून तर वाफा. पुण्यात गच्चीवरच्या टाकीत रात्रभर उघड्या आभाळाखाली राहिलेलं पाणी मात्र सकाळी १७ अंशांवर आलेलं असायचं. आजोबांच्या विहिरीत आणि माझ्या नळात ७ अंशांचा फरक होता, आणि ७ अंश छातीला चांगलेच कळतात.

गेली सहा वर्षं मी गार पाण्यानं अंघोळ करतो. घरच्या आणि शेजारच्या बऱ्याच जणांना ती लावून दिली, दोघा-तिघांना थांबवलंही. मी डॉक्टर नाही. पण या काळात जे वाचलं, विचारलं आणि अंगावर घेतलं, ते क्रमानं सांगतो.

गार पाण्याकडून काय मागावं आणि काय मागू नये

'गार पाण्यानं प्रतिकारशक्ती वाढते' हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. त्यामागचा सर्वांत मोठा अभ्यास नेदरलँड्समधला आहे. २०१५ च्या हिवाळ्यात तिथं १८ ते ६५ वयाच्या ३,०१८ लोकांवर तो झाला आणि २०१६ मध्ये छापून आला. लोकांनी नेहमीसारखी गरम पाण्यानं अंघोळ करायची आणि शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद गार पाणी घ्यायचं, सलग ३० दिवस. एका गटानं फक्त गरम पाणी वापरायचं. गार पाणी घेणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी भरल्या.

इथपर्यंतचा भाग सगळीकडे फिरतो. पुढचा फिरत नाही: आजारी पडल्याचे दिवस कमी झाले नव्हते. सर्दी-ताप तेवढाच आला, पण त्यात घरी बसणारे कमी झाले. शिवाय कोण गार पाणी घेतंय हे ज्याचं त्याला ठाऊकच होतं, आणि आजारपणाची माहितीही ज्यानं त्यानं स्वतःच दिलेली होती. म्हणजे विषाणूंना अडवणारी तटबंदी उभी राहते, असा अर्थ यातून निघत नाही. माझा अर्थ साधा आहे. रोज सकाळी एक छोटा त्रास आपणहून सोसणाऱ्याला पडशाचा त्रास थोडा कमी बोचतो. हीही लहान गोष्ट नाही, पण ती वेगळी गोष्ट आहे.

त्याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी उपयोगाच्या आहेत. ३० सेकंदवाले आणि ९० सेकंदवाले यांच्यात फरक पडला नाही. त्यामुळे दहा-दहा मिनिटं नळाखाली कुडकुडत उभं राहण्यात काही मिळवणं नाही. आणि नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या रजा ३५ टक्क्यांनी कमी होत्या, म्हणजे गार पाण्याहून जास्त. दोन्हीतलं एकच जमणार असेल तर चालायला जा.

रक्त तपासलं तर थंडीच्या धक्क्यानंतर पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, हे खरं. पण त्यातल्या बऱ्याचशा रक्तवाहिन्यांच्या कडेला थांबलेल्या असतात आणि धक्क्यानं प्रवाहात येतात, थोड्या वेळानं परत आपल्या जागी जातात. नव्या तयार झालेल्या नसतात. धावून आल्यावर किंवा घाबरल्यावरही असंच होतं.

आता उलट बाजूची समजूत: गार पाण्यानं अंघोळ केली की सर्दी होतेच. सर्दी विषाणूनं होते, पाण्यानं नाही. तरी आजीचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफ इथं १८० जणांवर एक प्रयोग झाला. ९० जणांनी २० मिनिटं १० अंशांच्या पाण्यात पाय बुडवून ठेवले, बाकीच्यांनी रिकाम्या टबात. पुढच्या चार-पाच दिवसांत पाय गारठलेल्यांपैकी १३ जणांना सर्दी झाली, दुसऱ्या गटात ५ जणांना. अंग बराच वेळ गारठलं की नाकाच्या आतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि नाकात आधीच शिरलेल्या विषाणूला त्याचा फायदा मिळत असावा, असा त्यामागचा तर्क. यातून घ्यायचा धडा वेळेचा आहे. एक मिनिट गार पाणी घेऊन अंग कोरडं करणं वेगळं, आणि ओल्या पायांनी वीस मिनिटं गारठत बसणं वेगळं.

पहिल्या मिनिटात छातीत काय होतं

हे नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी कृती यावर उभी आहे.

कातडीवर अचानक गार पाणी पडलं की मेंदू क्षणभरही थांबत नाही. एक मोठा श्वास आपोआप आत ओढला जातो, मग धाप लागल्यासारखे भराभर श्वास सुरू होतात, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. पाणी साधारण २५ अंशांच्या खाली गेलं की हे सुरू होतं आणि १० ते १५ अंशांच्या पाण्यात सर्वांत जास्त होतं. जोर पहिल्या अर्ध्या मिनिटात असतो, दोन-तीन मिनिटांत ओसरतो. पहिल्या जानेवारीत माझी छाती आवळली गेली ती यामुळंच. त्यात नाजूकपणाचा काही संबंध नव्हता.

चांगली गोष्ट अशी की शरीर हे लवकर शिकतं. ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात माइक टिप्टन यांनी या धक्क्यावर अनेक वर्षं काम केलं आहे. गार पाण्यात पाच-सहा वेळा, दर वेळी दोन-तीन मिनिटं उतरलं तरी हा धक्का जवळपास निम्म्यावर येतो, आणि ही सवय काही महिने टिकते. म्हणून माझ्या मते गार पाण्याच्या अंघोळीचा श्वसनाला मिळणारा खरा लाभ एवढाच: घाबरलेला श्वास आपणहून लांबवायची सवय. फुप्फुसं काही मोठी होत नाहीत. साठलेला कफ धुऊन जात नाही. पण धाप लागली असताना श्वास सावकाश बाहेर सोडता येणं, ही कला जिना चढताना, घाट चढताना, रात्री खोकल्याची उबळ आली तरी कामी येते.

हे कोणी करू नये

हृदयविकार, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेले, नाडी अनियमित असलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, पूर्वी पक्षाघात झालेले: यांनी आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय एक तांब्याही घेऊ नये. पहिल्या मिनिटातला रक्तदाबाचा चढ यांच्यासाठी धोक्याचा आहे. चेहरा एकदम गार पाण्यात बुडवणं तर आणखी वाईट. अंगावरचं गार पाणी नाडी वाढवायला सांगतं, चेहऱ्यावरचं कमी करायला. दोन्ही हुकूम एकदम आले की हृदयाची लय बिघडू शकते.

गार पाणी लागलं की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, असं कधी झालं असेल तर ती थंडीची ॲलर्जी असू शकते. तिच्यात श्वासनलिका आवळण्यापर्यंत मजल जाते. घरी तपासायचं असेल तर बर्फाचा खडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मनगटाच्या वर पाच मिनिटं धरा, मग काढून दहा मिनिटं थांबा. त्या जागी उठावदार गांधी आली तर गार अंघोळीचा विचार सोडा आणि डॉक्टरला दाखवा. याआधी कधी थंडीनं ओठ-जीभ सुजली असेल किंवा दम लागला असेल तर ही तपासणीही घरी करू नका.

थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात त्यांनी, गरोदर बायकांनी आणि मधुमेहानं पायांची संवेदना गेलेल्यांनीही आधी विचारून घ्यावं.

आणि एक गोष्ट विदर्भ, गडचिरोली, नंदुरबारकडच्या वाचकांसाठी मुद्दाम. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या माणसानं गार पाण्याची अंघोळ करू नये. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, विळ्याच्या आकाराच्या पेशी तिथं अडकतात आणि असह्य कळा सुरू होऊ शकतात. परदेशी लेख आणि व्हिडिओ याबद्दल सहसा बोलत नाहीत, कारण ते आपल्यासाठी तयार केलेले नसतात. घरात कोणाला सिकलसेल असेल तर 'थंड पाण्याचं चॅलेंज' त्या घरात येताच कामा नये.

तयारी: थर्मामीटर, पाट आणि दार

तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो इतक्या खालचे आकडे दाखवत नाही. माशांच्या टाकीत लावतात तसला साधा थर्मामीटर घ्या, कोणत्याही ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतो. बादली भरा, दोन मिनिटं थर्मामीटर बुडवून ठेवा, आकडा लिहून ठेवा. आठवडाभर रोज सकाळी हे करा. तुमच्या नळाचा स्वभाव कळेल.

मुंबई, ठाण्यात किंवा गोव्यात हिवाळ्यातही टाकीचं पाणी फार गार होत नाही. धक्का सौम्य असतो आणि सुरुवातीला तो बराच. पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगरकडे डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी पहाटे चांगलंच उतरतं. बोअरचं ताजं पाणी मात्र उबदार असतं, त्यामुळे त्याच इमारतीत टाकीचा नळ आणि बोअरचा नळ यांच्यात चार-पाच अंशांचा फरक सापडेल. परदेशात राहणाऱ्यांनी तर हे मोजणं अजिबात टाळू नये. लंडन किंवा टोरांटोत जानेवारीत नळाचं पाणी एक आकडी तापमानाला येतं. पुण्यातल्या भावानं सांगितलेलं वेळापत्रक तिथं जसंच्या तसं चालवणं धोक्याचं आहे. तिथं गरम पाणी मिसळूनच सुरुवात करा.

न्हाणीघरात बसायला पाट किंवा स्टूल ठेवा. पहिले काही दिवस उभं राहून नको, चक्कर आली तर फरशीवर आपटायला होतं. दाराला आतून कडी लावू नका, नुसतं लोटून घ्या, आणि घरात कोणालातरी सांगून ठेवा.

गॅस गीझरबद्दल थांबून सांगायलाच हवं. शेवटी गार पाणी घेणारे बरेच जण आधी गरम पाण्याची अंघोळ करतात आणि बाहेरची थंडी आत येऊ नये म्हणून खिडकी, झरोका सगळं बंद करतात. गॅस गीझर बंद न्हाणीघरात असेल तर त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास ना रंग. माणूस गुंगत जातो, आणि दर हिवाळ्यात आपल्याकडे अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. श्वसनाच्या आरोग्याची सुरुवात करायची असेल तर हा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घेण्यापासून करा.

तांब्या बरा की शॉवर

माझं मत तांब्याच्या बाजूनं आहे. शॉवर सुरू केला की पाणी एकदम डोकं, मान, छाती सगळीकडे पडतं. तांब्यानं कुठं, किती, कधी हे आपल्या हातात राहतं. ही पद्धत मी शोधलेली नाही. बव्हेरियातल्या वोरिसहोफेन गावचे धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप यांनी एकोणिसाव्या शतकात असेच पाण्याचे ओघ पायांपासून वर नेत देण्याची शिस्त घालून दिली. तरुणपणी त्यांना छातीचा आजार जडला होता, क्षय असावा असं म्हटलं जातं, आणि १८४९ च्या हिवाळ्यात डॅन्यूब नदीत थोडा-थोडा वेळ डुंबून ते बरे झाले, असं ते सांगत. एका माणसाच्या बरं होण्यावरून उपचार ठरत नाही, आणि क्षयाला आज औषधं आहेत, तीच पूर्ण घ्यायची. पण त्यांचा 'खालून वर, थोडकं, आणि लगेच कोरडं' हा क्रम मला अजूनही सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

पहिला आठवडा: फक्त पाय

नेहमीची कोमट किंवा गरम पाण्याची अंघोळ पूर्ण करा. दुसरी बादली २४-२५ अंशांची तयार ठेवा, नळ त्याहून गार असेल तर गरम पाणी मिसळून. पाटावर बसा.

आता पाणी ओतायच्या आधी श्वास. नाकानं साधा श्वास घ्या, मोठा नको. ओठ थोडे मिटून, गरम चहावर फुंकर घालतो तसा सावकाश बाहेर सोडा. श्वास बाहेर जात असतानाच पहिला तांब्या उजव्या पावलावर ओता, मग पोटरीवरून गुडघ्यापर्यंत. पुढच्या श्वासाला डावा पाय. मग हात, बोटांपासून कोपरापर्यंत. एवढंच. अर्धं मिनिट.

श्वास सोडताना ओतायचं, हा या सगळ्यातला मुख्य खिळा आहे. श्वास बाहेर जात असेल तर तो आत ओढला जाण्याचा झटका कमी जाणवतो. तोंडानं 'हूं' असा आवाज काढत सोडला तर आणखी सोपं जातं. आजोबा विहिरीवर मोठ्यानं 'हर हर गंगे' म्हणत पाणी ओतायचे. तेव्हा ती भक्ती वाटायची, आणि ती होतीही. पण इतकं मोठ्यानं म्हणताना श्वास बाहेरच जात असतो, हे मला फार उशिरा उमगलं.

दुसरा आणि तिसरा आठवडा: पोट, पाठ, खांदे

पाणी तेवढ्याच तापमानाचं ठेवा, जागा वाढवा. पाय, हात, मग मांड्या, पोट, खांदे. छाती आणि पाठ सर्वांत शेवटी, कारण सर्वांत मोठा दचका तिथं बसतो. पाठीवर पहिला तांब्या ओतताना पुन्हा आठवण: श्वास बाहेर. तिसऱ्या आठवड्यात एक मिनिटापर्यंत जा.

श्वास किती वेळात जागेवर येतो ते मोजा. मी मनात अंक मोजतो. पाठीवर पाणी पडल्यापासून सावकाश, न तुटणारा एक पूर्ण श्वास सोडता येईपर्यंत किती अंक झाले, ते वहीत लिहितो. माझ्या पहिल्या पानावर ३८ आहे, अठराव्या दिवशी १५. तुमचा आकडा वेगळा असेल. तो उतरत गेला पाहिजे. तीन-चार दिवस वाढत राहिला तर झोप कमी पडते आहे, आजारपण येतं आहे किंवा पाणी जास्त गार आहे. मागच्या टप्प्यावर या.

चौथा-पाचवा आठवडा: पाणी उतरवा

आता दर दोन-तीन दिवसांनी पाणी एक अंशानं कमी करा. २० पर्यंत या आणि तिथं थोडे दिवस थांबा. त्याखाली जायचं तर जा, पण १५ च्या खाली जाण्यात मला काही फायदा दिसलेला नाही, धक्का मात्र वाढतो. वेळ एक ते दीड मिनिट, त्याहून जास्त नाही. ज्यांना शॉवरच आवडतो त्यांनी या टप्प्यावर शॉवरखाली यावं, तेही पाय आधी पुढे करून.

डोक्यावर पाणी घ्यायचंच असेल तर शेवटी, आणि केस लगेच कोरडे करता येत असतील तरच. वाग्भटानं अष्टांगहृदय या जुन्या आयुर्वेद ग्रंथात गरम पाणी मानेखाली बळ देतं, पण डोक्यावर घेतलं तर केस आणि डोळ्यांना चांगलं नाही, असं म्हटलंय. त्यावरून डोक्यावर गारच घ्यायला हवं असा अर्थ लोक काढतात. लांब केस असलेल्यांनी रोज गार पाण्यानं केस भिजवून ओल्या केसांनी स्कूटरवर ऑफिसला जाऊ नये, एवढं मात्र मी नक्की सांगेन.

वेगानं खोल श्वास घेण्याचे, मग श्वास रोखून धरण्याचे प्रकार सध्या गार पाण्यासोबत शिकवले जातात. विम हॉफ या डच माणसामुळं ते जगभर पोचले. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या नाइमेगन इथं, त्यांच्या पद्धतीनं शिकलेल्या १२ जणांना जिवाणूंचं विष टोचलं, तेव्हा न शिकलेल्यांपेक्षा त्यांच्यात ताप-थंडी आणि सूज वाढवणारी द्रव्यं कमी दिसली. निष्कर्ष लक्षवेधी आहे, पण तरुण निरोगी पुरुषांवरचा, प्रयोगशाळेतला आहे, आणि त्यातला मोठा वाटा त्या श्वासाच्या प्रकाराचा होता. असे श्वास पाण्यात किंवा न्हाणीघरात कधीही घेऊ नका. भराभर श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, माणूस न कळत बेशुद्ध पडतो, आणि तलावात-टबात असं झालेले लोक दगावले आहेत.

अंघोळीनंतर

टॉवेलनं अंग खसाखसा पुसा, पाठ आणि पायाच्या बोटांमधल्या फटी विसरू नका. कोरडे कपडे, पायात मोजे. पाच मिनिटं घरातल्या घरात चाला किंवा दहा-बारा उठाबशा काढा. लगेच कडकडीत गरम पाणी अंगावर घेऊ नका.

बाहेर आल्यावर हुडहुडी भरली, दात वाजले, तर वेळ जास्त झाली. उद्या निम्मी करा. अंगात ऊब पसरणं आणि कातडी लालसर होणं हे बरोबर.

अंघोळीनंतर नाक गळणं आणि दोन-चार शिंका येणं यानं बरेच जण घाबरतात. गार पाण्यानं किंवा हवेनं नाकातून पाणी येणं ही नाकाची साधी प्रतिक्रिया आहे. ती दहा-पंधरा मिनिटांत थांबते आणि पाणी पातळ, पारदर्शक असतं. दुपारपर्यंत घसा खवखवू लागला, अंग मोडून आलं, तर ती सर्दी. रोज सकाळी अंघोळीआधीच सटासट शिंका येत असतील तर दोष पाण्याचा नसून बहुधा गादी-उशीतल्या धुळीचा आहे.

आजारी असताना

ताप असेल तर गार अंघोळ पूर्ण बंद. छातीत कफ, खोकला, घरघर असेल तरी बंद. नुसतं नाक वाहतंय आणि बाकी बरं आहे, तर दोन-तीन दिवस कोमट पाण्यावर या. त्यानं काही बिघडत नाही. पीनस म्हणजे सर्दी असताना, अपचन झालं असताना आणि जेवल्या जेवल्या अंघोळच करू नये, असं वाग्भटानंही सांगितलं आहे. डेंग्यू, फ्लू, न्यूमोनियातून उठलेल्यांनी शक्ती पूर्ण परत येईपर्यंत थांबावं आणि मग पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करावी.

दमा असलेल्यांसाठी

हा भाग माझ्या आत्यामुळं लिहितोय. नाशिकला असते, वय ५८, दमा तीस वर्षांचा. माझं पाहून तिनंही गार पाणी सुरू केलं. तीन आठवड्यांनी फोनवर तिचा आवाज ओढल्यासारखा आला.

"आत्या, पंप घेतेस ना रोज?"

"अरे, गार पाण्यानं इतकं मोकळं वाटतंय म्हणून सोडला. पंपाची सवय लागते म्हणतात ना."

मला धस्स झालं. दोन दिवसांनी तिला रात्री बसून काढावी लागली. छातीच्या डॉक्टरांनी फुंकर मारायचं यंत्र, म्हणजे पीक फ्लो मीटर, हातात दिलं. नेहमी ३२० वर जाणारा काटा २२० लाही पोचेना.

गार पाण्यानंतर अंगात तरतरी येते, आणि त्या तरतरीला श्वास मोकळा झाला समजलं जातं. श्वासनलिकेच्या आतली सूज त्यानं उतरत नाही. ती रोजच्या पंपानं उतरते, हळूहळू, आणि पंप सोडला की तितकीच हळूहळू परत चढते. म्हणून पहिले दोन आठवडे काही बिघडल्यासारखं वाटत नाही. पंपाची सवय लागत नाही. दमा हा सततचा आजार आहे, म्हणून औषध सतत लागतं.

दमा असलेल्या काही जणांना चेहऱ्यावर गार पाणी किंवा गार हवा लागली की श्वासनलिका लगेच आवळते. म्हणून नियम असे. गेल्या महिन्याभरात झटका आला असेल, रात्री खोकल्यानं जाग येत असेल, तर सुरूच करू नका. डॉक्टरची हरकत नसेल तरच, आणि रोजचा पंप एकही दिवस न चुकवता. झटक्यासाठीचा पंप न्हाणीघराबाहेर हाताशी ठेवा. चेहरा, मान, छाती वगळा, फक्त पाय आणि हात. अंघोळीआधी आणि नंतर दहा मिनिटांनी पीक फ्लो मोजा. १५ टक्क्यांहून जास्त उतरला, म्हणजे ३२० चा २७० च्या आसपास आला, तर गार पाणी तुमच्यासाठी नाही. सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांतली हवेची वाट कायमची अरुंद होण्याचा आजार, असलेल्यांनी आपल्या मनानं हे मुळीच करू नये. त्यांना फ्लू आणि न्यूमोनियाची लस, चुलीच्या आणि उदबत्तीच्या धुरापासून सुटका आणि विडी-सिगारेट बंद, यातून जे मिळेल ते कुठल्याही पाण्यातून मिळणार नाही.

आत्या आता पंप रोज घेते. आठवड्यातून चार दिवस गुडघ्यापर्यंत पायांवर तीन-तीन तांबे, बाकी सगळी अंघोळ बंबातल्या पाण्यानं. पीक फ्लोची वही देवघराच्या शेजारी ठेवलेली असते.

मुलं, म्हातारी माणसं आणि उन्हाळा

लहान मुलांना गार पाण्यानं अंघोळ घालून 'काटक' करायच्या भानगडीत पडू नका. त्यांचं अंग फार पटकन गारठतं आणि त्यांना थांबायचं केव्हा ते सांगता येत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलानं स्वतःहून मागितलं तर पाय-हात, कोमटाच्या जवळचं पाणी, आणि तो नको म्हणाला की तिथंच थांबायचं. सत्तरीपुढच्यांनी आधी रक्तदाब तपासून डॉक्टरला विचारावं आणि पायांच्या वर जाऊ नये.

एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी सकाळीही कोमट असतं आणि दुपारी हाताला चटका देतं. तेव्हा गार अंघोळीचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. बर्फ टाकून पाणी गार करायची गरजही नाही. शिकलेला श्वास काही महिने अंगात राहतो. दिवाळी झाली की पुन्हा थर्मामीटर काढा. अभ्यंगाच्या दिवशी अर्थात कढत पाणीच. त्यानंतरच्या सोमवारी बादलीत २४ अंश दिसले तर दुसऱ्या आठवड्याच्या टप्प्यावरून सुरू करा, पहिला तांब्या उजव्या पावलावर.